एजन्सीची नोकरी: पगाराबरोबर घरी काय न्यायचं?



हा विषय इथे घ्यायचा असं आम्ही ठरवलं, कारण विश्रांतवाडी दोन बाजारांच्या मधोमध आहे. दिघी, मॅगझीन चौक, भोसरी करत एक रस्ता चाकणच्या कारखान्यांकडे जातो. दुसऱ्या बाजूला येरवडा, विमाननगर, खराडी, म्हणजे ऑफिसं, कॉल सेंटर, आयटी पार्क. धानोरी, कळस, टिंगरेनगर, फुलेनगर इथली मुलं-मुली रोज सकाळी या दोनपैकी एका दिशेने निघतात. त्यातल्या अनेकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर एका कंपनीचं नाव असतं आणि पगाराच्या चिठ्ठीवर दुसऱ्याच कुणाचं. त्याला कुणी ‘ऑफ-रोल’ म्हणतं, कुणी ‘थर्ड पार्टी’, कुणी सरळ ‘कंत्राटी’. आयटीत त्याचंच नाव ‘कॉन्ट्रॅक्ट टू हायर’.

आमच्याकडे येणारे तरुण आणि त्यांचे आईवडील एकच प्रश्न विचारतात: ‘एजन्सीची नोकरी घ्यावी की चांगली मिळेपर्यंत थांबावं?’ आमचं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. घ्यावी. पण ती नोकरी सुटेल त्या दिवशी आपल्या हातात काय असेल, हे पहिल्या दिवशी ठरवून घ्यावी. एजन्सीच्या कामाचा करिअरला फायदा होतो, पण तो आपोआप होत नाही. तो गोळा करावा लागतो.

आधी व्यवहार समजून घेऊ

साध्या नोकरीत दोन पक्ष असतात, मालक आणि कामगार. इथे तीन आहेत. एजन्सी तुम्हाला नेमते, पगार देते, पीएफ भरते. कंपनी, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘मुख्य नियोक्ता’, तुमच्याकडून काम करून घेते. आणि तिसरे तुम्ही. कंपनी एजन्सीला तुमचा पगार, त्यावरचे पीएफ-ईएसआयचे पैसे आणि वर सेवाशुल्क देते. हे शुल्क एजन्सीची कमाई.

कंपनी हा जादा खर्च का करते? काही वेळा काम खरोखरच तात्पुरतं असतं. सणासुदीला गोदामात माल वाढतो, कुणी बाळंतपणाच्या रजेवर जातं. काही वेळा माणूस पारखून मग रोलवर घ्यायचा असतो. आणि काही वेळा काम बारमाही असतं, फक्त कायमची जबाबदारी नको असते. आपण या तीनपैकी कुठल्या खुर्चीवर बसतोय, हे ओळखणं महत्त्वाचं. पहिल्या खुर्चीवर अनुभव मिळतो, दुसऱ्या खुर्चीवर नोकरी मिळू शकते, आणि तिसऱ्या खुर्चीवर बघता बघता वर्षं निघून जातात.

ओळखायचं कसं? कामाला लागण्याआधी दोन प्रश्न विचारा. ‘ही जागा आधी कोण सांभाळत होतं आणि ती व्यक्ती आता कुठे आहे?’ आणि ‘गेल्या वर्षी इथून किती जण रोलवर गेले?’ नेमका आकडा कुणी देणार नाही कदाचित, पण उत्तर देताना समोरचा अडखळला तरी बरंच कळतं. कँटीनमध्ये जुन्या मुलांना विचारलं तर त्याहून जास्त कळतं.

फायदे खरे आहेत

पहिला फायदा प्रवेशाचा. ज्याच्या बायोडेटात काहीच नाही, त्याला कंपनी थेट बोलवत नाही. एजन्सीला मात्र पुढच्या सोमवारी वीस माणसं उभी करायची असतात. ती जोखीम घेते. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या मुलाला पहिल्यांदा खऱ्या लाइनवर उभं राहायला मिळतं ते बऱ्याचदा असंच.

दुसरा, चव घेऊन बघण्याचा. बाविसाव्या वर्षी आपल्याला काय आवडतं ते कुणाला नक्की माहीत असतं? सहा महिने क्वालिटीत, सहा महिने स्टोअरमध्ये काढल्यावर ते कळतं. कायमच्या नोकऱ्या अशा बदलल्या तर लोक नावं ठेवतात. एजन्सीच्या कामात तेच स्वाभाविक मानलं जातं.

तिसरा फायदा परतणाऱ्यांचा. मुलं लहान म्हणून काही वर्षं घरी राहिलेल्या बायका, आणि आपल्या या भागात विशेष म्हणजे माजी सैनिक. खडकीला बॉम्बे सॅपर्स, शेजारी दिघी-कळस. चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होणारे जवान इथे पुष्कळ राहतात. त्यांच्यासाठी तर सरकारी पातळीवरच अशी व्यवस्था आहे. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’, याचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे आणि ते माजी सैनिकांना सुरक्षारक्षक म्हणून वेगवेगळ्या आस्थापनांत पाठवतं. म्हणजे मधल्या संस्थेमार्फत काम करणं यात कमीपणाचं काही नाही.

चौथा फायदा फुकट शिक्षणाचा. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या एजन्सींवर एक निबंध लिहिला. एजन्सी आपल्या माणसांना संगणकाचं शिक्षण मोफत का देते, असा त्यांचा प्रश्न होता. शिकून तो माणूस तर निघून जाणार! त्यांचं उत्तर असं की शिकायला कोण पुढे येतो यावरून एजन्सीला चांगली माणसं ओळखता येतात. आपल्यासाठी याचा अर्थ काय? एजन्सीने किंवा कंपनीने कुठलंही प्रशिक्षण देऊ केलं, तर पहिल्यांदा हात वर करा. तिथे तुमचं शिक्षण होतं आणि तुमची पारखही होते.

मग सगळ्यांचाच फायदा का होत नाही?

इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून बघू. पहिला इटलीचा. इकिनो, मेआली आणि नान्निचिनी या तिघांनी २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. टस्कनी आणि सिसिली या दोन प्रांतांत एजन्सीमार्फत काम केलेल्यांची तुलना त्यांनी तसं काम न केलेल्या, पण बाकी बाबतींत सारख्या असलेल्या लोकांशी केली. टस्कनीत एजन्सीच्या कामामुळे पुढे कायम नोकरी मिळण्याची शक्यता साधारण १९ टक्के बिंदूंनी वाढली. सिसिलीत वाढ कमी होती, साधारण ११.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा, ऑटर आणि सुझन हाउसमन यांचा, २०१० चा. सरकारी मदतीवरच्या गरीब लोकांना तिथे कामाला लावलं जात होतं. काहींना थेट नोकरी मिळाली, काहींना एजन्सीची. थेट नोकरी मिळालेल्यांची कमाई पुढच्या एक-दोन वर्षांत वाढली. एजन्सीवाल्यांची वाढली नाही, उलट घसरल्याचीच चिन्हं दिसली.

तेच काम, मग निकाल उलटा का? आम्ही याचा अर्थ असा लावतो. टस्कनी उद्योगांनी गजबजलेला प्रांत आहे, तिथे एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या दाराशी चालतो. डेट्रॉइटमध्ये गरजू लोकांना छोटी, तुटक कामं मिळत गेली. एक संपलं की पुन्हा शून्यावर. मधल्या काळात थेट नोकरी शोधायची राहूनच गेली.

पुण्याचा आपला पट्टा गजबजलेला आहे. चाकण, भोसरी, रांजणगाव, खराडी, दारं भरपूर आहेत. तरी या गजबजाटात राहूनही एखाद्याचं डेट्रॉइट होऊ शकतं. सात महिने इथे, मग ब्रेक, मग सात महिने तिथे, पुन्हा हेल्पर, पुन्हा तोच पगार. पाच वर्षं झाली तरी बायोडेटात सांगायला एकच वर्ष. ते पाच वेळा जगलेलं, एवढंच.

सात महिन्यांचा ब्रेक

हा ‘ब्रेक’ आला कुठून, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं की ती एक वर्षाची सलग सेवा धरली गेली. मग त्या माणसाला काढताना नोटीस आणि नुकसानभरपाई आली. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तर २४० दिवस भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. हेतू चांगला होता. पण तोच आकडा टाळण्यासाठी सात महिने झाले की माणूस घरी बसवायची रीत पडली. संरक्षणासाठी आखलेली रेघ कामगाराच्या वाटेत आडवी आली.

म्हणून ब्रेकची तारीख आपल्याला आधीच माहीत आहे असं धरून चाला. सातव्या महिन्यात शोधायला लागलात तर उशीर झाला. पाचव्या महिन्यात शोध सुरू झालेला असावा. त्या वेळी तुम्ही ‘नोकरीत असलेले’ उमेदवार असता. बोलण्याचा सूरच वेगळा असतो.

हातात काय असलं पाहिजे

आता मुख्य मुद्दा. वही असेल तर लिहून घ्या.

नेमणूकपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळालं पाहिजे, असं त्यात आहे. त्यावर पद, पगार आणि मुदत वाचा. ‘हेल्पर’ लिहिलंय की ‘सीएनसी ऑपरेटर’, याने पुढचा पगार ठरतो. प्रत्यक्षात मशिन चालवत असाल आणि कागदावर हेल्पर असाल, तर ते तिथल्या तिथे नम्रपणे दुरुस्त करून मागा.

अनुभव प्रमाणपत्र. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्पष्ट तरतूद आहे: कंत्राटी कामगाराने मागितल्यावर कंत्राटदाराने केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभव प्रमाणपत्र द्यायचं. शब्द लक्षात ठेवा, ‘मागितल्यावर’. न मागता मिळेलच असं नाही. कंत्राटी कामाची ही कलमं ५० किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आहेत. जागा लहान असेल तरी मागाच, ईमेलने मागा. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. सुपरवायझर बदलला की तुम्हाला ओळखणारं तिथे कुणी उरत नाही.

पीएफचा यूएएन. २०१४ पासून प्रत्येकाला एकच कायमचा यूएएन क्रमांक असतो. एजन्सी दहा बदला, क्रमांक तोच. तो नव्या एजन्सीला द्या, नाहीतर दुसरा क्रमांक निघतो आणि सेवा दोन ठिकाणी विखुरते. आधारवरचं आणि पीएफमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा.

इथे एक हिशेब करू. मूळ पगार १५,००० असेल तर दरमहा तुमचे १२ टक्के, म्हणजे १,८०० कापले जातात. मालकाकडून तेवढेच येतात, पण त्यातले साधारण १,२५० पेन्शन योजनेत जातात. पेन्शन मिळायला एकूण सेवा १० वर्षं लागते. सूत्र सोपं आहे: पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. १५,००० वर १० वर्षं धरली तर महिना साधारण २,१४३ रुपये. रक्कम मोठी नाही, मान्य. पण आमची मुलं करतात काय? प्रत्येक ब्रेकमध्ये पीएफ आणि त्याबरोबर पेन्शनचेही पैसे काढून घेत आली आहेत. मोबाइलचा हप्ता भागतो आणि सेवेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अडचण खरी असेल तर पीएफमधून नियमांत बसेल तेवढं घ्या. पेन्शनच्या सेवेला मात्र शक्यतो हात लावू नका.

ईएसआयचा विमा क्रमांक. पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. १८,००० पगारावर तुमचे फक्त १३५ रुपये. त्यात तुमच्यावर आणि घरच्यांवर उपचार होतात. आपल्याला चिंचवडचं मोहननगर आणि बिबवेवाडी इथे ईएसआयची रुग्णालयं आहेत. सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही मिळतो. हाही क्रमांक एकच ठेवा.

आणि एक वही. हा कुठला कायदा नाही, आमचा आग्रह आहे. दर शनिवारी चार ओळी लिहा. या आठवड्यात कुठलं मशिन, कुठलं सॉफ्टवेअर, किती नग, कुठली अडचण सोडवली. सहा महिन्यांनी मुलाखतीत ‘काय करत होतात?’ असं विचारलं की ‘सगळंच करत होतो’ हे उत्तर तोंडून जात नाही.

जे मिळणार नाही त्याची आशा

आता थोडं कडू बोलू. ‘चिकटून राहिलो की कधीतरी कायम करतील’ या आशेवर दहा-दहा वर्षं घालवणारी माणसं आपल्याच गल्लीत आहेत. न्यायालयांनी काय म्हटलंय ते ऐका. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल’, म्हणजे स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं, की कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत. कंत्राट निव्वळ दिखाऊ होतं असं सिद्ध झालं, तर गोष्ट वेगळी. २००६ च्या उमादेवी निकालात सरकारी खात्यांबद्दल तेच धोरण आलं: नियमित भरतीच्या मार्गाने न आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही.

लढून मिळालंच नाही असं नाही. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या बाजूने २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पण त्यामागे कचरा वाहतूक श्रमिक संघाची अनेक वर्षांची एकजूट होती. एकट्याच्या वाट बघण्याने ते झालेलं नाही.

आणि २०२३ आठवा. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत सरकारी पदं भरायचा निर्णय काढला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं रस्त्यावर आली, आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. त्यांचा राग आम्हाला समजतो. ज्या कामाला कायमचा माणूस लागतो, तिथे एजन्सी ही पायरी उरत नाही, तिथे ती भिंत होते. फायद्यांबद्दल बोलताना हे विसरायचं नाही.

म्हणून आमचा सल्ला: मुदत कंपनीने घालायच्या आधी स्वतः घाला. एकाच प्रकारच्या कामावर दीड ते दोन वर्षं, त्यापुढे नाही. तोवर रोलवर घेतलं नाही, पद वाढलं नाही, नवं काही शिकायला मिळत नाही, तर ती जागा तुम्हाला द्यायचं ते देऊन मोकळी झाली आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*नोंदणीसाठी एजन्सीने तीन हजार मागितले. द्यावेत का?*

नाही. एजन्सीची कमाई कंपनीकडून होते, हे आपण सुरुवातीला पाहिलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातही कामगाराकडून शुल्क घेऊ नये हेच तत्त्व आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही, पण चांगली एजन्सी ओळखायला ही खूण पुरेशी आहे. गणवेशाचे, ट्रेनिंगचे, ‘सिक्युरिटी डिपॉझिट’चे, नाव काहीही असो, पैसे आधी मागितले की उठून यायचं.

*बायोडेटात कंपनीचं नाव लिहायचं की एजन्सीचं?*

दोन्ही. आधी एजन्सी, कारण तुमचा मालक तीच आहे आणि पीएफच्या नोंदीतही तेच नाव दिसतं. त्याखाली ‘कामाचं ठिकाण’ म्हणून कंपनी. फक्त मोठ्या कंपनीचं नाव लिहिलंत आणि पडताळणीत ते जुळलं नाही, तर खरा अनुभवही खोटा ठरतो.

*मी अडतीस वर्षांची आहे. सहा वर्षं घरी होते. आता एजन्सीतून सुरुवात केली तर मागे पडेन का?*

ताई, तुमच्यासाठी हा रस्ता उलट जास्त उपयोगाचा आहे. थेट मुलाखतीत ‘सहा वर्षं काय केलं?’ इथेच गाडी अडते. सहा महिन्यांच्या ताज्या अनुभवानंतर प्रश्न बदलतो, ‘आत्ता काय करता?’ होतो. एकच करा. पहिल्याच कामात पगार जुन्या पगाराहून कमी मिळाला तर चालवून घ्या, पण पद खाली घेऊ नका. अकाउंट्समध्ये होतात तर अकाउंट्सचंच काम मागा, डेटा एंट्रीला हो म्हणू नका. पगार वर्षभरात वर येतो. खाली गेलेलं पद वर यायला फार वेळ लागतो.

*एजन्सीतल्या माणसाला ग्रॅच्युइटी मिळते का?*

मिळू शकते, आणि ती एजन्सीने द्यायची, कारण नेमणूक तिची आहे. जुन्या नियमात पाच वर्षं लागायची. नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला एका वर्षानंतर, केलेल्या सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. म्हणून नेमणूकपत्रावर ‘ठरावीक मुदत’ असं लिहिलंय का ते बघा. आणि काम सुटल्यावर देणं असलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे, हेही नव्या वेतन संहितेत आहे.

वेळ संपली. उद्या कामावर गेलात की एवढं एकच करा: आपलं नेमणूकपत्र काढा आणि त्यावर पदाच्या जागी काय लिहिलंय ते वाचा. तुम्ही खरोखर करता ते काम तिथे लिहिलेलं नसेल, तर या महिन्यातलं पहिलं काम तुम्हाला सापडलं.